चौदाव्या म्हशीचा खुलासा

मी तारामती सोनकांबळे, एमआरआय तंत्रज्ञ. माहेर हदगावचं, नोकरी इकडं लातूरच्या बाजूला. गावाचं नाव सांगत न्हाई. अजून नोकरीत हाय, आन् आजवर लिहिलेले खुलासे मला पुरे झालेत.

आमच्या दवाखान्यात हे मशीन आलं ते आजाऱ्यांसाठी न्हाई. जिल्ह्यासाठी आलं. आमच्या तालुक्याला वीस वर्षांपासून जिल्हा व्हायचं होतं. कृती समितीच्या लोकांनी मुंबईहून कुणाकडून तरी यादी आणली, जिल्हा व्हायला काय काय लागतं त्याची. कोर्ट होतं, जेल होतं, परेडचं मैदान होतं. एमआरआय नव्हतं. मग एका पुढाऱ्यानं दुसऱ्या जिल्ह्यात दहा वर्षं राबून थकलेलं मशीन उचलून आणलं. ट्रेलरवरून गावात आलं तवा पुढं बँड आन् मागं गुलाल. मी नाकाला रुमाल लावून ओरडून राहिले होते, अहो, गुलाल मशीनवर टाकू नका. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, शुभ असतंय." असंल शुभ. तीन दिवस मी ब्रश घेऊन ते शुभ झाडत बसले.

या मशीनला एक खोड हाय. त्याचं चुंबक कधीच बंद होत न्हाई. आतल्या तारांची गुंडाळी पातळ हेलियममध्ये बुडवलेली असते, शून्याच्या खाली दोनशे एकोणसत्तर डिग्री. एवढ्या थंडीत तारेतली वीज विरोधाशिवाय फिरत राहते आन् चुंबक रात्रंदिवस चालू राहतं. पण तो हेलियम उडून जाऊ नये म्हणून कॉम्प्रेसर लागतो, कॉम्प्रेसर तापू नये म्हणून चिलर लागतो, आन् आमचा चिलर जुना, त्याला पाणी लागतं. दिवसाला पाचशे लिटर. हेलियम एकदा उडाला की चुंबक मेलं. परत भरायला कुणी येणार न्हाई, मशीनचं भंगार होणार. अख्ख्या मराठवाड्यात नसंल एवढी थंड जागा आमच्या दवाखान्यात, आन् बाहेर नळाला अठरा दिवसांतून एकदा पाणी.

ते वर्ष तसलंच होतं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, त्याच्यानंतरचा दुसरा दुष्काळ. धरणाच्या तळात क्रिकेट चालू होतं. मी टँकरसाठी तहसीलात गेले. टंचाईचं टेबल शेषेराव सांभाळायचे. माणूस वाईट न्हाई. कागदावर जे न्हाई ते जगात न्हाई, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांनी अर्ज वाचला आन् चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, यंत्रासाठी पाचशे लिटर?"

"हाव."

"फॉर्मात तीन रकाने हायत. माणसं, मोठी जनावरं, लहान जनावरं. माणसाला वीस लिटर, मोठ्या जनावराला पस्तीस, लहानाला दहा. यंत्राचा रकाना न्हाई."

"मग काढा की एक."

"रकाना वरून येतोय, मॅडम."

मी म्हणलं, शेषेराव, वरून पाऊस येईना, रकाना कवा येणार? ते हसले न्हाईत. त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला, बोटं आपटली. "पन्नास शेळ्या दाखवल्या तर पाचशे बरोबर बसतंय. पण शेळ्यांचं अवघड झालंय, लोक लई शेळ्या दाखवायलेत. म्हशीचं बरं. चौदा म्हशी, चारशे नव्वद. वरचे दहा तुमी माठातले घाला."

"मशीनला म्हशी म्हणून लिहू?"

"तुमी म्हशी लिहा. मी म्हशीला पाणी देतो. पुढं तुमी ते कुणाला पाजता ते मी बघत न्हाई."

माझा बाप शाळामास्तर. खोट्यावर सही करू नको, असं त्यानं मला पाटीवर लिहून शिकवलं होतं. पण त्याच्या हाताखाली कधी हेलियम नव्हता. मी सही केली. दुसऱ्या दिवसापासून व्यंकटी टँकरवाला सकाळी मागच्या दाराला यायचा आन् पाईप जोडून हाक मारायचा, "म्हशी उठल्या का, मॅडम?"

एक मेला आमचा जिल्हा झाला. फटाके फुटले, दुकानांच्या पाट्यांवर रातोरात 'जिल्हा' चिकटला, सलूनवाल्यानं सुद्धा 'जिल्हास्तरीय' लिहून घेतलं. कलेक्टर ऑफिस बाजार समितीच्या शेडमध्ये बसलं. आठवडाभरात तिथनं पहिला आदेश निघाला. नव्या साहेबांच्या ध्यानात आलं होतं की जिल्ह्यात जनावरं माणसांपेक्षा जास्त झालीत. मग आदेश क्रमांक एक: सगळ्या जनावरांची समक्ष पडताळणी होईल, आन् पडताळणी होईपर्यंत जनावरांचं पाणी बंद.

म्हणजे आमचं पाणी बंद.

त्याच दिवशी धोंडाबाई आली. शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातली, पंचेचाळिशीची, बोलायला खणखणीत. नवरा मलप्पा तिला टमटममध्ये आडवी घालून घेऊन आला. तीन आठवड्यांपूर्वी पायात मुंग्या आल्या, मग डावा पाय ओढायला लागला, आता डावा गेलाच होता आन् उजवा चालला होता. आमचे अधीक्षक डॉ. शिवमूर्ती यांनी पाठ ठोकून बघितली, पायाच्या तळव्यावर किल्ली ओढली आन् मला बाजूला घेऊन सांगितलं, "मणक्यात पू झाला असणार, क्षयाचा. तो मज्जारज्जूला दाबतोय. चार-आठ दिवसांत दाब काढला न्हाई तर ही बाई परत उभी राहत न्हाई."

लातूरच्या सर्जनला फोन केला. ते म्हणाले, ऑपरेशन करतो, पण कुठल्या मणक्यात ते कळल्याशिवाय चाकू कुठं लावू? एमआरआय करून पाठवा. दुसरीकडं नंबर लावून बघितला, तर बावीस दिवसांनी.

मी म्हणलं, करते आत्ता. शिवमूर्ती साहेबांनी हात जोडले. "सोनकांबळे, टाकीत पाणी किती हाय?" सहाशे लिटर होतं. मशीन नुसतं उभं ठेवलं तरी दिवसाला दोनशे पितं, स्कॅन केलं की जास्त तापतं आन् जास्त पितं. "टँकर चालू झाला की पहिला नंबर हिचा. तवर चुंबक जपा. हेलियम उडाला तर जिल्हा माझं डोकं फोडंल."

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. पडताळणी पथक आज येतंय, उद्या येतंय. धोंडाबाई वॉर्डात पडून होती आन् मी दर दोन तासांनी जाऊन तिला म्हणायचे, अंगठा हलवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उजवा अंगठा हलत होता.

ती एकदा म्हणाली, "बाई, तुमचं ते मशीन मह्या पाठीत काय बघनार?"

"पाणी."

"काय म्हनता! रानात न्हाई, आडात न्हाई, आन् मह्या पाठीत पानी हाय?"

"हाय की. तुमच्या अंगात दोन घागरी पाणी हाय. त्या पाण्याच्या कणाकणात एक बारीक भोवरा फिरतोय. एरवी कुणाचं तोंड कुणीकडं. चुंबकात घातलं की सगळे रांगेत."

"साहेब आल्यावानी."

"हाव, तसंच. निम्मे साहेबाकडं तोंड करतात, निम्मे पाठ करतात. दहा लाखांत फक्त चार-पाच साहेबाकडं जास्त असतात. आमचं सगळं चित्र त्या चार-पाच जास्तीच्यांवर."

मलप्पा पायथ्याशी बसला होता. "सरकार बी तसंच बनतंय," तो म्हणाला.

"मग मी रेडिओच्या लाटेचा धक्का देते. ते आडवे होतात. धक्का थांबला की उठून आपापल्या जागी जातात, आन् जाता जाता बारीक हाक देतात. मशीन ती हाक ऐकतं. चरबीतले लवकर उठतात, साध्या पाण्यातले लई सावकाश, पुवातल्यांची तऱ्हा तिसरीच. कोण किती येळानं उठलं त्यावरून कळतं, कुठं काय हाय."

धोंडाबाईनं मान हलवली. "म्हंजी आळशी कोन ते कळतंय. मग ते तहसीलात न्हाई का बसवायचं!"

मी हसले, आन् मग तिच्याकडं बघितलं. तीस वर्षं डोक्यावर घागरी वाहिलेली बाई. तिच्या अंगातलं पाणी बघायला सरकारकडं पाणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी म्हणलं, अंगठा हलवा. तिनं दात आवळले. अंगठा हलला न्हाई. "हलला का?" तिनं विचारलं. मला खोटं बोलता आलं न्हाई. मलप्पा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

शिवमूर्ती साहेब नव्हते. त्या दिवशी चारा छावणीचं उद्घाटन होतं, मंत्री येणार होते, म्हणून साहेबांना आन् दवाखान्याच्या एकुलत्या ॲम्ब्युलन्सला ताफ्यात जावं लागलं होतं. टाकीत उरलं होतं दोनशे लिटर. एक स्कॅन केलं तर संध्याकाळच्या आत टाकी कोरडी, आन् चुंबक माझ्या हातानं मरणार. न्हाई केलं तर बाई जन्माची खाटेवर. माझं डोकंच सणकलं. चुंबक जपून करू काय, त्याची आरती करू? मी वॉर्डबॉयला म्हणलं, आण तिला आत.

मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना, सगळं काढलं. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं. ते काढायला ती तयार होईना. लिंगायताच्या अंगावरून लिंग उतरत न्हाई, जीव गेल्यावरच काय ते. वाद घालायला येळ नव्हता, आन् मला घालायचाही नव्हता. मी हातातलं चुंबक लिंगाला लावून बघितलं, चिकटलं न्हाई. डबी मलप्पाकडं दिली, लिंग सुती फडक्यात गुंडाळून तिच्या दंडाला बांधलं. "तुमी कोन बाई?" तिनं विचारलं. "सोनकांबळे." म्हटल्यावर जे कळायचं ते तिला कळलं. तिनं माझा हात धरला तो बोगद्यात जाईपर्यंत सोडला न्हाई.

स्कॅन पंचवीस मिनिटांचं. मशीन एकदा सुरू झालं की काय आवाज करतं ते ऐकल्याशिवाय कळत न्हाई. धाड धाड धाड, मग घरघर, मग हंबरडा फोडल्यासारखं लांबच लांब. दहा मिनिटं झाली असतील, तोच दारावर थाप पडली. बाहेर नायब तहसीलदार किशनराव, मागं फाईल घेऊन शेषेराव. पडताळणी पथक.

"चौदा म्हशी दाखवा," किशनराव म्हणाले. घामानं शर्ट अंगाला चिकटला होता. कालपासून सतरा गावं झाली होती आन् अजून नऊ राहिली होती. शेषेराव त्यांच्या मागून मला डोळ्यांनी गयावया करून राहिले होते. नोंद त्यांचीच होती.

खरं सांगितलं तर नोंद खोटी ठरणार, पाणी कायमचं तुटणार, शेषेरावाची आन् माझी नोकरी जाणार. दार उघडून आत नेलं तर स्कॅन मोडणार, आन् दुसऱ्यांदा करायला पाणी न्हाई.

मी म्हणलं, "म्हशी आत हायत."

"दवाखान्यात?"

"एसीत, साहेब," शेषेराव मागून म्हणाले. "ऊन लई हाय."

"एसीत म्हशी?"

"जिल्ह्याच्या म्हशी हायत, साहेब."

किशनरावांनी दाराला कान लावला. आत मशीन नेमकं हंबरत होतं. त्यांनी वर बघितलं. दारावर हातभर अक्षरांत 'एमआरआय' लिहिलेलं होतं आन् त्यांना वाचता येत होतं. किशनराव मूर्ख नव्हते. त्यांनी बाकावर बसलेल्या मलप्पाला बघितलं, त्याच्या मांडीवरची जोडवी बघितली.

"आत कोण हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझी बायको, साहेब," मलप्पा म्हणाला. "पाय गेलेत."

किशनराव बाकावर त्याच्या शेजारी बसले. पेन काढलं आन् बोलत बोलत लिहिलं, "म्हशी चौदा. उन्हामुळे बंदिस्त. आवाजावरून खात्री केली." शेषेरावांनी एवढा मोठा उसासा सोडला की मला आतलं मशीन ऐकू येईना. "टँकर आजपासून चालू करा," किशनराव त्यांना म्हणाले.

स्कॅन संपलं. पडद्यावर पाठीचा कणा उभा राहिला. दोन मणक्यांच्या मधोमध पुवाचा फुगा, आन् त्याच्यामागं रज्जू चेपून सुतासारखी झालेली. मी फोटो सर्जनला पाठवले. दोन मिनिटांत फोन आला, "आजच आणा. उद्या नको. थिएटर मोकळं ठेवतो."

आणा म्हणजे कशात? ॲम्ब्युलन्स ताफ्यात. एकशे आठला फोन लावला, तर दोन्ही गाड्या छावणीच्या मंडपाला उभ्या, मंत्र्यांचं भाषण व्हायचं होतं. टमटममध्ये दीड तास हादरे खात नेली असती तर उरलेली रज्जूही गेली असती. मी मटकन खाली बसले आन् पहिल्यांदा रडले. सात फुटांवर जगातलं शहाणं मशीन, आन् बाहेर एक गाडी मिळंना!

तवा शेषेराव खाकरले. त्यांनी आदेश क्रमांक एकची पानं उलटली आन् बोट ठेवलं. "साहेब, कलम नऊ. आजारी मोठ्या जनावराला दोन तासांच्या आत शासकीय वाहन. गाडी बाजार समितीत उभी हाय, नवी कोरी, अजून पाटीसुद्धा लागली न्हाई. आत लिफ्ट हाय, गादी हाय, पट्टे हायत."

किशनरावांनी मलप्पाकडं बघितलं. मलप्पा उठून बायकोकडं गेला. धोंडाबाई स्ट्रेचरवर पडली होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"धोंडे, म्हैस म्हनून लिवतो म्हनायलेत," तो म्हणाला.

"लिवू दे की," ती म्हणाली. "म्हशीला तरी इचारायलेत."

किशनरावांनी लिहिलं: म्हैस क्रमांक चौदा, मागचे दोन्ही पाय लुळे, तातडीने लातूर. 'मागचे' लिहून झाल्यावर ते बराच येळ कागदाकडं बघत राहिले. मग सही केली. वीस मिनिटांत गाडी आली. व्यंकटी टँकर घेऊन आलाच होता, त्यानं पाईप जोडून दिला आन् जनावरांच्या गाडीत स्ट्रेचर चढवायला हात लावला. मी सोबत गेले. संध्याकाळी सात वाजता सर्जननं पू काढला.

चुंबक मेलं न्हाई. धोंडाबाईचा अंगठा नवव्या दिवशी हलला. मी फोनवर ओरडले की काय, वॉर्डातल्या बाया धावत आल्या. पुढं गोळ्या, पट्टा, व्यायाम. मला वाटलं, संपलं.

अडीच महिन्यांनी मला नोटीस आली. नव्या जिल्ह्यातनं, नव्या शिक्क्याची. 'आपल्या ताब्यातील चौदा म्हशींपैकी म्हैस क्रमांक चौदा शासकीय वाहनाने लातूर येथे नेल्याची नोंद आहे. परत आल्याची नोंद नाही. सदर म्हैस विकल्याचा संशय असून तीन दिवसांत खुलासा करावा, अन्यथा गुन्हा दाखल करण्यात येईल.' किशनरावांची बदली झाली होती. शिवमूर्ती साहेब म्हणाले, मला यातलं काही माहीत न्हाई. खरंच नव्हतं माहीत.

मी खुलासा लिहायला बसले आन् चार कागद फाडले. खरं लिहावं तर फसवणूक, मेली लिहावं तर पंचनामा आन् हाडं मागणार. तिसऱ्या दिवशी धोंडाबाई तपासणीला आली होती. मी नोटीस तिला वाचून दाखवली, कारण दुसरं कुणाला दाखवणार? ती काठी टेकत उठली. "चला," म्हणाली.

"कुठं?"

"तहसीलात. अजून कुठं?"

तहसीलाला सात पायऱ्या. मलप्पानं दंड धरायला हात पुढं केला, तिनं तो झटकला. एकेक पायरी चढली. प्रत्येक पायरीवर थांबायची, ओठ चावायची, पुढं. मी मागं होते आन् माझे हात नुसतेच हवेत. शेषेरावांनी आम्हाला बघितलं आन् चष्मा पुसला.

"मॅडम, परत आली असं दाखवायचं तर म्हैस समक्ष हजर पाहिजे," ते खाली बघत म्हणाले. "माझ्या हातात काही न्हाई. नवा आदेश हाय."

"हजर हाय," धोंडाबाई म्हणाली. "मीच ती चौदावी. मागचे पाय बघायचेत न्हवं? बघा."

तिनं काठी त्यांच्या टेबलाला टेकवून ठेवली. खिडकीपर्यंत गेली, वळली, परत आली. दहा पावलं. अख्ख्या ऑफिसातलं टायपिंग थांबलं. शेषेरावांनी रजिस्टर उघडलं, रेघ ओढली आन् लिहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

"काय लिवलं, वाचा."

"म्हैस क्रमांक चौदा, समक्ष हजर. पाय ठीक." ते अडखळले. "बाई, मी... माणूस म्हणून कुठं लिहायचं ते मला खरंच ठाऊक न्हाई. तसा रकाना न्हाई."

"राहू द्या," धोंडाबाई म्हणाली. "मानूस म्हनून आले तवा बावीस दिवसांनी नंबर होता."

शेषेराव उठून उभे राहिले. त्यांनी आपली खुर्ची टेबलामागून काढली आन् तिच्यासमोर आणून ठेवली.

ती बसली न्हाई. तिनं काठी उचलली आन् दाराकडं निघाली. "लई दिवस पडून होते," म्हणाली.